ताकतीची सुई

अकोला जिल्ह्यातल्या मालेगावच्या सरकारी दवाखान्याला दोन दारं होती. पुढच्या दारानं खोकला, ताप, विंचू चावलेले आणि बाळंतिणी येत. मागच्या दारानं टॉवेल येत. तिथं माणूस असा कुणी येतच नसे. यायचा तो टॉवेल, आणि त्याच्याखाली दोन पाय. विहिरीतले बेडूक उकडून मरावेत अशा वैशाखातल्या उन्हात डोकं, कान, नाक गुंडाळलेली माणसं मागच्या लिंबाखाली बसून असत, आणि प्रत्येकाला वाटे, आपल्याला कुणी ओळखलं नाही. एकदा तर दोघं सख्खे भाऊ दोन तास शेजारी बसून पिकापाण्याचं बोलत राहिले आणि आत आल्यावर टॉवेल सुटले तेव्हा एकमेकांच्या पाया पडले. वाढवून सांगतो असं वाटत असेल तर वाढवतोच आहे. पण भाऊ होते हे खरं. सख्खे नसतील, चुलत असतील.

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. मी तिथं कंपाउंडर होतो. औषधाच्या बाटलीबरोबर एक गोष्ट फुकट द्यायची हा माझा धर्म. खोकल्याचं साधं लाल पाणी असलं तरी मी सांगायचो, खास नागपूरहून मागवलंय, ह्यानं मेलेला घोडा उठून चरायला गेला. लोक हसत, पीत आणि बरे होत. निम्मे तरी होत.

आमचे डॉक्टर नेमके उलटे. त्यांच्याकडे एकच शब्द होता. मी म्हणावं, "सायेब, आज मांगच्या दारी हजार मानूस हाये." ते मान वर न करता म्हणत, "किती?" मी बाहेर जाऊन मोजून यायचो. "सात." "मग सात म्हण."

ते नागपूरला शिकलेले. हृदय, डोळे, हाडं असे अब्रूचे विषय सोडून त्यांनी गुप्तरोग घेतले होते. गरमी, परमा आणि त्यांची सगळी भावकी. गावात त्यांना कुणी खोली देईना. गरमीचा डॉक्टर म्हणजे जणू कोटाच्या खिशात रोग घेऊन फिरणारा. न्हावी त्यांची दाढी करायचा, मग वस्तरा उकळायचा आणि मनाचं समाधान झालं नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा उकळायचा. त्यांचं लग्न ठरलं होतं. मुलीचा बाप एकदा सहज म्हणून दवाखाना पाहायला आला, लिंबाखालची टॉवेलांची रांग पाहिली आणि अर्धा चहा टाकून परतीच्या एष्टीत बसला. डॉक्टरांनी त्याचा उरलेला चहा पिऊन टाकला. हे मी ह्या डोळ्यांनी पाहिलंय, ह्यात माझं एक अक्षर नाही.

दवाखान्यामागच्या खोलीत ते, एक स्टोव्ह, जंतू पाहायची एक दुर्बीण आणि एक जाड वही. वहीत मेलेली लेकरं होती. रविवारी सायकल काढायची, एखादं गाव धरायचं आणि दाईच्या अंगणात जाऊन बसायचं. कुणाच्या घरी लेकरू मेलेलं जन्मलं, कुणाचं आठव्या महिन्यात गेलं, कुणाचं महिनाभर नाकानं घुरघुरून गेलं, असं विचारत बसायचं. पहिल्यांदा दायांनी शिव्या दिल्या. नंतर सांगायला लागल्या, कारण आजवर हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

त्यांनी मला शिकवलं ते असं. पुरुषाच्या अंगावरचा चट्टा आपोआप जातो. त्याला वाटतं, बरा झालो. रोग जात नाही, झोपतो. आणि उठतो तो बायकोच्या पोटात. मग गाव त्या बाईला पांढऱ्या पायाची म्हणतं, नवरा दुसरी करतो, दुसरीचंही पोट वाया जातं, आणि तो दोन वाईट बायका पदरी पडल्या म्हणून रडत फिरतो. म्हणून डॉक्टरांचा नियम होता की ज्याला सुई दिली त्याच्या बायकोलाही दिली पाहिजे. एकट्या नवऱ्याला सुई देणं म्हणजे दाराला कुलूप लावून मागची भिंत पाडून ठेवणं.

नियम सोपा होता, माणसं नव्हती. टॉवेलवाले आपलं नाव सांगत नसत, आपल्या वैऱ्याचं सांगत. एका म्हाताऱ्या जमीनदाराचं नाव एका हंगामात अकरा वेळा आमच्या रजिस्टरात आलं, अकरा वेगळ्या तोंडांनी. तो बिचारा अर्धांगानं तीन वर्षं खाटेवर पडलेला. शेवटी डॉक्टरांनी नावंच बंद केली. नुसता आकडा, गाव आणि बायको गरोदर असेल तर कितवा महिना. बायको आली नाही तर तेवढ्या धाग्यावर ते रविवारी सायकल घेऊन निघत आणि तिला शोधून काढत. त्या रजिस्टरात रोज ओळी भरायच्या, हे माझं काम.

पोळ्याच्या तिसऱ्या दिवशी डॉक्टर रक्ताच्या बाटल्या थर्मासात घालून अकोल्याला तपासायला घेऊन गेले होते. दुपारी मागच्या दारानं एक टॉवेल आत आला. मी बूट ओळखले. ते आम्हीच लग्नात दिले होते.

आमचा जावई, माझ्या बहिणीचा नवरा, आसेगावकडच्या एका शाळेत मास्तर. माझ्या बापानं जन्मभर किन्हीराजात दुसऱ्यांची शेतं निंदली. दीक्षा घेतल्यावर घरातले देव नदीत सोडले, अंगारा-धुपारा बंद केला आणि आम्हा भावंडांना मारून मारून शाळेत घातलं. त्याला पगाराचा जावई मिळाला. जावई आला की बाप खाटेवर बसत नसे, खाली बसायचा.

"टॉवेल काढा, जवाई. गरम होत असन," मी म्हणालो.

टॉवेल निघाला नाही. दोन तळहात पुढे आले. तांबूस, तांब्याच्या पैशासारखे चट्टे. डॉक्टरांनी मला असे शंभर वेळा दाखवले होते. बरं, नऊ वेळा.

"कवापासून?"

"लग्न झालं त्या सालच्या दिवाळीत ट्रेनिंगले गेलतो. तवा काही झालं अन् आपोआप गेलं. आता हे."

मी मनात जुळवलं. त्याच्या पुढच्या पावसाळ्यात माझ्या बहिणीला पहिलं लेकरू झालं होतं, मेलेलं. आमच्या गावच्या दाईनं ते फडक्यात गुंडाळून मला दिलं होतं आणि म्हणाली होती, पाहू नोको. आता बहिणीला पुन्हा पाचवा महिना होता.

"तिले घेऊन या," मी म्हणालो. "तिलेबी सुया लागतात. तीन, हप्त्या-हप्त्यानं."

"तिले काय सांगू भाऊ? अन् मामाजीले, तुमच्या बाबाले, समजलं त?" टॉवेलातून रडल्यासारखा आवाज आला. "तुमीच करा ना काहीतरी. तुमाले गोठी सांगता येतात."

गोष्टी सांगता येतात, हे वाक्य मला गोड लागलं, कबूल करतो. मी त्याला सुई दिली, पुरी. रजिस्टर उघडलं आणि मिटलं. नुसता आकडा आणि आसेगाव एवढं लिहिलं असतं तरी येत्या रविवारी सायकल तिच्या दारात उभी राहिली असती. गरमीच्या डॉक्टरची सायकल, माझ्या बहिणीच्या दारात. मी ठरवलं, सातव्या महिन्यात ती माहेरी येईलच. तेव्हा आपण घरच्या घरी काम उरकू, कुणाला पत्ता लागणार नाही.

ती आली. मी पिचकारी, सुया आणि तीनपैकी पहिली बाटली घेऊन किन्हीराजाला गेलो. माय होती, शेजारच्या चार बाया होत्या आणि ती म्हातारी दाई कोपऱ्यात तंबाखू चोळत बसली होती.

"कायची सुई हाये थे?" मायनं विचारलं.

"ताकतीची."

"मले काय झालं? मी त चांगली हावो," बहीण म्हणाली.

एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण चार बाया ऐकायला बसलेल्या. इतक्या कानांसमोर मी आयुष्यात कधी थोडक्यात बोललेलो नाही. "अवं, ही पहिलवानायले देतात! हे पोट्टं असं होईन, असं, का पाळन्यात मावनार नाई. बैलगाडीत निजवा लागन! बारा पौंडाचं! पैदा व्हताच उभं राहून मले मामा म्हनन!"

बाया पदर तोंडाला लावून हसल्या. त्या आनंदात मी सुई टोचली. ते औषध असतं चुन्यासारखं दाट, हात चालता ठेवला नाही तर सुईत गोठतं. माझा हात बोलण्यात अडकला होता. निम्मं गेलं आणि निम्मं पिचकारीत बसलं. बहीण ओरडली. मी म्हणालो, झालं, आणि सुई काढून घेतली.

दाई हसली नव्हती.

पुढच्या हप्त्यात गेलो तर बहीण भिंतीला पाठ लावून उभी.

"नोको दादा."

"काहून?"

"बारा पौंडाचं लेकरू निंघन कुठून?"

"अवं, बारा मी असंच म्हनलो. सहाचं होईन."

"त मंग ताकत कायची?"

दाई कोपऱ्यातून बोलली, "पयलं काहून गेलं इचं? मोठं होतं, अडकलं. अन् तू वरून ताकत भरून राह्यला. पोरीले मारतं का रे?"

पहिलं मोठं नव्हतं. फडक्यात गुंडाळलेलं मी माझ्या हातांवर नेलं होतं. पण ते बोललो असतो तर मग गेलं कशानं, ह्याचं उत्तर द्यावं लागलं असतं. मी दुसरी गोष्ट लावली, की ही रक्ताची सुई आहे. मग तिसरी, की सरकारनं सगळ्या गरोदर बायांना लावून दिली आहे. "मंग शेजारच्या सुनेले काहून नाई?" मायनं विचारलं. ज्या तोंडानं मेलेला घोडा उठवला होता ते तोंड घेऊन मी एष्टीत बसलो.

तिसऱ्या हप्त्यात तर घरात नवंच चालू होतं. लेकरू लहान राहावं म्हणून बहिणीनं एक वेळचं जेवण सोडलं होतं. दाईनं सांगितलं होतं, मायनं मान डोलावली होती. बहिणीच्या गालाची हाडं दिसायला लागली होती, आणि माझ्यासमोर अर्धी भाकर बाजूला सारून ती म्हणाली, "झालं माझं."

दुसऱ्या दिवशी डॉक्टर पिचकाऱ्या उकळत होते. मी पाठीमागे उभा राहिलो.

"सायेब, एक केस हाये."

"आकडा?"

"आकडा नाई टाकला."

ते वळले. "कोण?"

"बहीन."

"कितवा महिना?"

"आठवा."

"नवऱ्याला सुई कधी दिली?"

"पोळ्याच्या तिसऱ्या दिवशी."

"तिला किती?"

"एक." ते पाहत राहिले. "अर्धी," मी म्हणालो.

स्टोव्ह फरफरत होता. त्यांनी तो बंद केला. "बारा आठवडे," ते म्हणाले. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. "मी आज येतो किन्हीराजाला."

"सायेब, तुमी आमच्या गल्लीत आले त माझा बाप मरन. लोक काय म्हनतीन? जवाई..."

"मग आज तू जा आणि खरं सांग. उद्या सकाळच्या एष्टीनं ती इथं आली नाही तर दुपारच्या एष्टीनं मी तिथं येईन." आणि मी दारात पोचलो तेव्हा म्हणाले, "थोडक्यात सांग."

बहीण अंगणात सुपात ज्वारी पाखडत होती. मी समोर उकिडवा बसलो आणि सांगितलं. नवऱ्याला काय होतं, कुठून आलं, पहिलं लेकरू कशानं गेलं आणि ही सुई कशाची. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात छोटं बोलणं. सुपातले खडे तिचे वेचून व्हायच्या आत ते संपलं.

"दादा, हे बी गोठच हाये का?"

"नाई."

"खाय तुह्या पोरीची आन."

मी खाल्ली.

"त्यायले देल्ली सुई?"

"हो."

"पुरी?"

"पुरी."

"कवा?"

मी सांगितलं. तिनं बोटांच्या पेरांवर महिने धरले आणि मुठी मिटल्या.

"त्यायले सुई देल्ली," ती म्हणाली, "अन् मले गोठ."

सकाळी ती माझ्याबरोबर एष्टीत बसली. डॉक्टरांनी स्वतः सुई दिली, मला हात लावू दिला नाही. तिनं त्यांना विचारलं, "वाचन का जी?"

मी असतो तर सांगितलं असतं, वाचेल काय, शाळेत पहिला येईल. ते म्हणाले, "माहीत नाही. उशीर झाला आहे. दोन वेळा जेव."

सहा दिवसांनी, दिवस भरायच्या आधीच, ती किन्हीराजाला घरी बाळंत झाली. मुलगा. जिवंत. चेहरा म्हाताऱ्या माणसाचा, तळहात-तळपायांची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी सुटलेली, नाक चोंदलेलं. दूध ओढताना श्वास घेता येत नव्हता आणि श्वास घेताना दूध सुटत होतं. निरोप मिळाला तसे डॉक्टर दुपारच्या एष्टीनं आले. गल्लीत जात्यांचे आवाजसुद्धा थांबले. थांब्यावरून ते आमच्या दारापर्यंत चालत आले तेवढ्यात किन्हीराजातल्या प्रत्येक माणसाला कळलं की कुणाचं घर.

बाप दारात उभा होता. "सायेब, तुमी इथं काहून?"

"लेकराला सुई द्यायची आहे. रोज, दहा दिवस."

बापानं डॉक्टरांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. त्याला विचारायची गरज राहिली नाही. तो आत गेला आणि जावयासाठी ठेवलेली खाट बाहेर आणून डॉक्टरांना बसायला टाकली.

डॉक्टरांनी काटा आणला होता. साडेतीन पौंड. त्यांनी ते मला वाचायला लावलं.

आठ दिवस ते आले. पुढच्या दारानं म्हणावं तर आमच्या घराला तेवढं एकच दार. एवढ्याशा मांडीत सुई देताना त्यांचा हात मी पाहायचो; तो हलत नसे, पण दिल्यावर ते बराच वेळ हात धूत. नवव्या दिवशी ते एष्टीतून उतरले तेव्हा मी थांब्यावरच उभा होतो. त्यांनी विचारलं, "कधी?" मी म्हणालो, "सकाळी." ते परत फिरले नाहीत. घरी आले, बहिणीची नाडी पाहिली, तिला तिची तिसरी सुई दिली आणि अंगणात आमच्या माणसांत बसले. त्यांच्या बाजूला कुणी बसलं नाही. बाप बसला.

लेकरू मीच नेलं. एका हातात मावलं. ह्याबद्दल मी काही वाढवून सांगू शकत नाही. वाढवायला त्यात काही नव्हतंच.

गावानं मात्र वाढवलं. बारा पौंडाचं होतं, ताकतीच्या सुईनं फुगलं, आणि वरून त्या घाणेरड्या डॉक्टरनं रोज टोचून मारलं. ही गोष्ट माझ्याआधी मालेगावला पोचली, तिथून चारी बाजूंच्या गावांना गेली. माझी इतकी चाललेली गोष्ट दुसरी नाही. त्या हिवाळ्यात गरोदर बाया धनुर्वाताची सुई घ्यायलाही येईनात. दायांनी डॉक्टरांना अंगणात येऊ देणं बंद केलं. कुणीतरी वर अर्ज केला की हा माणूस घराघरांत जाऊन बायांना भलतंसलतं विचारतो. बदलीचा कागद आला.

जायच्या आदल्या दिवशी त्यांनी रजिस्टर माझ्यापुढे ठेवलं. "पोळ्याचा तिसरा दिवस. आकडा टाक. आसेगाव. बायको, पाचवा महिना."

"आता कायले सायेब?"

"झालं होतं म्हणून."

त्या दिवसाच्या पानावर जागा नव्हती. मी समासात बारीक अक्षरात लिहिलं. त्यांनी वाचलं, आपली जाड वही उघडली आणि तिच्यात एक ओळ घातली. ती मला दाखवली नाही. सामान एका ट्रंकेत मावलं. थांब्यावर त्यांना पोचवायला मी एकटाच. काहीतरी मोठं बोलावं असं फार मनात होतं, म्हणून नुसती ट्रंक एष्टीत चढवली.

फाल्गुनात जावई बहिणीला न्यायला आला. बापानं त्याला जेवू घातलं, आणि तो जेवत असताना बाप खाटेवर बसून राहिला. बहीण गेली. जाणारच होती; कुठं राहणार?

पुढच्या सालच्या पावसाळ्यात, नवे डॉक्टर जेवायला गेले असताना, ती एकटी दवाखान्यात आली. आसेगावहून एष्टी बदलत आली होती. पुढच्या दारानं. बाकावर बसली नाही.

"चौथा महिना लागला," ती म्हणाली. "सुई दे."

मी पाणी उकळायला ठेवलं. सवयीनं तोंड उघडलं.

"काही सांगू नोको. दे फकत."

तीन हप्ते ती येत राहिली. मी हात चालता ठेवला, एक शब्द बोललो नाही, आणि दर वेळी रिकामी पिचकारी उजेडात धरून तिला दाखवली. तिसऱ्या वेळी तिनं ती माझ्या हातातून घेतली, खिडकीशी नेली, फिरवून फिरवून पाहिली आणि टेबलावर ठेवली. मग कमरेवर हात दाबत बाहेर गेली, आणि परतीची एष्टी किती वाजता आहे ते बाकावरच्या एका अनोळखी म्हाताऱ्याला विचारलं.